शालिकभाऊंचं निंदण

माणसाने पहिलं बी पेरलं त्या दिवशी संस्कृतीचा जन्म झाला, असं विद्वान सांगतात. शालिकराम वानखडे यांना हे मान्य नाही. त्यांच्या मते पेरणं पाखरांनाही जमतं. संस्कृतीचा जन्म झाला तो माणसाने पहिलं तण उपटलं त्या दिवशी. विचार खोल आहे, आणि मी त्यावर गंभीरपणे चिंतनही केलं असतं. पण तो मला ऐकवताना त्यांच्या हातात माझ्या बायकोने हौसेने लावलेला गवती चहा होता, मुळासकट.

"शालिकभाऊ, तो गवती चहा होता," मी म्हणालो.

"रूप गवताचं, नावही गवताचं," असं म्हणत त्यांनी जुडी माझ्या हातात ठेवली. "आता मी कोनाचं आयकू, तुमचं का त्याचं?"

बायको आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. ते त्यांच्या लक्षात आलं नाही. ती माझ्याशीही बोलली नाही, आणि ते माझ्या लक्षात आलं.

निंदणं, म्हणजे पिकातलं तण काढणं, हे शालिकभाऊंचं व्यसन. त्यांच्या स्कूटरच्या डिक्कीत कागदपत्रं नसतात, फडक्यात गुंडाळलेलं खुरपं असतं. एकदा चौकात वाहतूक पोलिसाने लायसन मागितलं, तर यांनी ते फडकं सोडलं. पोलीस दोन पावलं मागे सरला. "निंदाले लागते," शालिकभाऊंनी खुलासा केला. पोलिसाने त्यांचं वय पाहिलं, खुरपं पाहिलं, आणि हाताने जा म्हणून सांगितलं.

जठारपेठेत आमच्या एका परिचितांकडे आम्ही दोघं सांत्वनाला गेलो होतो. थोरला मुलगा वडिलांचे शेवटचे दिवस सांगत होता. शालिकभाऊ मान हलवत होते, त्यांचे डोळेही भरले होते, आणि उजवा हात शेजारच्या कुंडीत होता. आम्ही उठलो तेव्हा फरशीवर हिरवा ढीग होता आणि कुंडीत फक्त माती. एका लग्नात वधूवरांना भेटायच्या रांगेत उभं असताना ते लॉनवर वाकले. मागच्या माणसाला वाटलं यांची अंगठी पडली. तो शोधायला लागला, त्याला पाहून आणखी तिघं लागले. रांग पुढे सरकेपर्यंत सतरंजीएवढी जागा लख्ख झाली होती, आणि एक बाई आपलं मंगळसूत्र जागेवर आहे ना हे तपासत होत्या.

"मुयासगट" हा त्यांचा आवडता शब्द. मुळासकट. वरवर खुडलेलं तण आठ दिवसांत परत येतं, म्हणून काढायचं ते मुयासगट. हा उपाय ते दाढदुखी, भ्रष्टाचार आणि नातवाचा मोबाइल या तिन्हींवर सुचवतात.

मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेला माणूस. माझा मातीशी संबंध पुस्तकांवरच्या धुळीपुरता. त्यामुळे शालिकभाऊंपुढे मी दबून असे. ते तेल्हाऱ्याकडचे. बायको वारल्यावर वावर विकून अकोल्यात मुलाकडे आले, ते आमच्या ले-आउटमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. त्यांचं गाव खारपाण पट्ट्यातलं. तिथे विहिरीला पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही. जमिनीखाली कोणी समुद्र विसरून गेलं आहे असं वाटतं. म्हणून शालिकभाऊ माती चाखतात. ढेकूळ उचलायचं, जिभेवर ठेवायचं, डोळे मिटायचे, आणि निकाल द्यायचा. इतक्या अधिकाराने माती खाणाऱ्या माणसाला शेतीतलं सगळं कळतं, याबद्दल ले-आउटमध्ये कोणाला शंका नव्हती.

आता ले-आउटविषयी. आमच्याकडे शेत मोडून प्लॉट पाडले की मधे एक तुकडा मोकळा सोडतात. त्याला ओपन स्पेस म्हणतात. कागदावर तिथे बाग असते. आमच्या ओपन स्पेसमध्ये गाजरगवत होतं, एक बसका कडुनिंब होता, आणि झोका नसलेल्या झोक्याचा सांगाडा होता. माणसं एकमेकांना प्लॉट नंबरने ओळखत. "बावीसच्या सुनेला मुलगी झाली" अशी बातमी आली की आपण आनंद मानायचा, पण बावीस म्हणजे कोण हे विचारायचं नाही.

ही बाग सुधारायचं मनावर घेतलं ते उमाळे साहेबांनी. बांधकाम खात्यातले निवृत्त अभियंता. त्यांना सुधारणा हा शब्द अपुरा वाटे. ते सुशोभीकरण म्हणत. त्यांनी सभा बोलावली, भिंतीवर रंगीत नकाशा टांगला आणि बागेचे अकरा फायदे वाचून दाखवले. त्यात शुद्ध हवा होती, सामाजिक सलोखा होता, आणि नवव्या क्रमांकावर "मनाची प्रसन्नता" होती. सामाजिक सलोख्याला येईपर्यंत दोन प्लॉटधारकांचं खुर्चीवरून वाजलं होतं.

"कोणाची काही सूचना?" साहेबांनी अशा स्वरात विचारलं की नसावी.

शालिकभाऊ उठले. "मले एक काकर पाह्यजे."

"काय पाहिजे?"

"एक काकर. एक ओय. त्या भिंतीच्या बाजूनं पंधरा पावलं. अंबाडी पेरतो म्हनतो."

साहेबांनी नकाशाकडे पाहिलं. त्या जागी 'रंगीत पर्णसंभार' लिहिलेलं होतं. "वानखडेजी, अंबाडी ही शोभिवंत वनस्पती नाही."

"कण्या टाकून भाजी केली तं लय शोभते, साहेब."

सभा हसली. शालिकभाऊ हसले नाहीत. त्यांनी खिशातून टाल्कम पावडरचा एक जुना, पोचे पडलेला डबा काढला आणि टेबलावर ठेवला. आत राखेत घोळलेलं बी होतं. "दोन सालं झाले याले मातीचं तोंड पाह्यलं नाई. बी बी म्हातारं होते जी. यंदा नाई पेरलं तं उगवत नाई मंग."

"बाजारात नवीन बी मिळतं ना," कोणीतरी म्हणालं.

"मियते," ते म्हणाले, आणि डबा खिशात घालून खाली बसले. ठराव नामंजूर झाला. चहा झाला. मी घरी येईपर्यंत विसरूनही गेलो. पण त्या दिवसापासून शालिकभाऊ दिसतील तिथे त्यांच्या खिशाला तो डबा फुगवटा आणून असायचा, आणि उमाळे साहेब समोरून आले की त्यांचा हात खिशावर जायचा.

ठराव नामंजूर झाला म्हणून हा माणूस गप्प बसला, असं मात्र नाही. भूमिपूजन पाडव्याला झालं. प्रमुख पाहुण्यांनी बकुळीचं रोप लावलं आणि आपल्या हातांनी लावलेला वृक्ष पुन्हा पाहायला पावसाळ्यात येईन असं वचन दिलं. असं वचन पाळलं जात नाही, म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर साहेबांना महिनाभरात हिरवळ अंथरायची होती. शालिकभाऊंनी एका नातेवाइकाचा ट्रॅक्टर आणून सगळी ओपन स्पेस नांगरून टाकली; फक्त ते बकुळीचं आळं सोडलं. मग ते फाटकात खुर्ची टाकून बसले.

"हिरवळीचा ट्रक आला आहे," साहेब म्हणाले.

"माघारी पाठवा. जमीन तापली पाह्यजे."

"किती दिवस?"

"मिरगापर्यंत."

"अहो, मृगाला दोन महिने आहेत!"

"मंग दोन महिने तापन."

साहेबांनी अंदाजपत्रक, कालमर्यादा, कार्यादेश असे एकेक शब्द फेकून पाहिले. शालिकभाऊंनी प्रत्येकाला "तापू द्या" एवढंच उत्तर दिलं. ट्रकवाल्याचं घराणं शेतीतलं निघालं; त्याने खाली उतरून ढेकळं पाहिली, "काका बरोबर म्हनते" असा निर्णय दिला आणि ट्रक वळवला.

पुढचे दोन महिने ले-आउटने जे भोगलं ते सांगण्यासारखं नाही, पण सांगतो. उन्हाळ्यात आमचं शहर देशभर बातम्यांत असतं. एरवी त्याला कोणी विचारत नाही. त्या उन्हात ढेकळं फुटली, त्यांचं पीठ झालं, वारा सुटला, आणि घरोघरच्या कूलरनी ती काळी माती आत ओढून घेतली. आमच्या गादीवर कपाशी आली असती. लोक शालिकभाऊंना शिव्या देत. मात्र शिव्या द्यायला संध्याकाळी फाटकाशी जमावं लागे, आणि जमल्यावर नुसत्या शिव्या किती वेळ देणार? प्लॉट बावीस म्हणजे सोनोने नावाचे गृहस्थ आहेत आणि त्यांना माझ्याइतकीच शुगर आहे, हे मला तिथे कळलं. बागेचा हा पहिला फायदा. तो साहेबांच्या यादीत नव्हता आणि तेव्हा बागही नव्हती.

मे संपता संपता एका सकाळी उमाळे साहेब माझ्या दारात आले. चेहरा उतरलेला. "वानखडेंना घेऊन जरा बागेत येता? कोणाला काही बोलू नका."

पाहुण्यांची बकुळ वाळली होती. नुसती वाळली नव्हती, खडखडीत झाली होती. शेजारी पाहुण्यांच्या नावाची संगमरवरी पाटी तेवढी टवटवीत होती. वर बातमी अशी, की पाहुण्यांनी खरंच येतो म्हणून कळवलं होतं.

"रोज बादलीभर पाणी घातलं हो," साहेब म्हणाले. "एक दिवस चुकवला नाही. माझ्या हातानं घातलं."

शालिकभाऊंनी आळ्यातली माती उचलली, जिभेवर ठेवली, डोळे मिटले. मग बाजूला थुंकले.

"कुठलं पानी?"

"कूलरचं. टाकी रोज सकाळी धुतो. वाया कशाला घालवायचं?"

"साहेब, कूलर पानी पिते. मीठ नाई पित. आपल्या बोअरचं सारं मीठ खाली टाकीत रायते. तुमी या लेकराले दोन महिने लोनच्यात ठेवलं."

साहेबांनी आयुष्यात पूल बांधले होते, रस्ते बांधले होते. एवढ्याशा झाडाने त्यांचा घात केला. ते कडुनिंबाखाली बसले आणि प्रथमच कार्यालयीन भाषा सोडून बोलले. "काय करू आता मी, शालिकभाऊ? इज्जतच गेली ना."

शालिकभाऊंनी वाळक्या बकुळीची उंची वितीने मोजली. ते स्कूटरवर बसून निघून गेले आणि दुपारी आले तेव्हा पायाशी तेवढ्याच उंचीची बकुळ होती. जुनी माती खोल काढून त्यांनी नवी भरली, झाड लावलं, हात झटकले. या व्यवहाराबद्दल तिघांपैकी कोणीही आजवर तोंड उघडलेलं नाही. मी हे लिहितो आहे ते केवळ साहेब मराठी पुस्तकं वाचत नाहीत या भरवशावर.

निघताना साहेब घसा खाकरून म्हणाले, "वानखडेजी, तो भिंतीकडचा पट्टा. पुन्हा पाहिलं मी. नकाशात तिथे तसं निश्चित काही दाखवलेलं नाही."

"मंग पेरू?"

"मी पाहिलं नाही."

मृग लागला. एका सकाळी शालिकभाऊंनी पंधरा पावलांची रेघ ओढली आणि डबा हळूहळू झटकत तिच्यावरून चालत गेले. डबा रिकामा झाल्यावरही त्यांनी तो फेकला नाही. झाकण लावून खिशात ठेवला. मग रोज सकाळी येऊन ते त्या रेघेपुढे उकिडवे बसत. आठवड्याने तिथे हिरवं दिसू लागलं. फार हिरवं. दोन महिने तापलेल्या मातीतूनही काय काय वर आलं होतं देव जाणे, पण ओळ अशी कुठे दिसत नव्हती.

इकडे बाग झाली. हिरवळ आली, बाकं आली, झोक्याला झोका आला. सकाळी म्हातारे आणि संध्याकाळी बायका, असं आपोआप ठरलं. कुणाच्या नळाला पाणी कधी येणार, कुणाच्या मुलीला कुठलं स्थळ आलं, हे आता बागेतच कळू लागलं. सोळा आणि सतरा नंबरचे साडू पाच वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. ते आता एकाच बाकावर बसून भांडतात. हिरवळीत तण दिसलं की शालिकभाऊ तुटून पडत, आणि त्याच्याबरोबर थोडी हिरवळही जाई. फक्त भिंतीकडच्या पट्ट्याला ते हात लावत नव्हते. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "लहान आहे अजून. राहू द्या."

लोकार्पणाला प्रमुख पाहुणे वचनाप्रमाणे आले. आपल्या बकुळीच्या पानांवरून हात फिरवत त्यांनी फोटो काढून घेतला. बकुळ त्यांना ओळखत नव्हती, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही. भाषणं सुरू होती. शालिकभाऊंच्या मेहुणी बेबीबाई त्या दिवशी तेल्हाऱ्याहून आल्या होत्या. माझी बायको आणि मी त्यांच्याशेजारी बसलो होतो. बाईंचं सगळं लक्ष भाषणाकडे आणि डावा हात बाकाशेजारच्या वाफ्यात. पण त्या हाताची गोष्ट वेगळी होती. तो न पाहता जाई, दोन बोटांत काहीतरी धरून येई, आणि शेवंती जागच्या जागी राही.

"वा," मी म्हणालो. "सगळं घराणंच निंदणाऱ्यांचं दिसतं. शालिकभाऊंनी शिकवलं वाटतं?"

बेबीबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा शुगर तपासून घ्यावी.

"भाऊजीनं? कायचं शिकवते ते. पंचायत समितीत बाबू होते ना जी. पस्तीस वर्षं. वावर माह्या बहिनीनं केलं सारं. ती बायाईले घेऊन निंदे, अन् हे इस्तरीचा पँट घालून धुऱ्यावर, बांधावर उभे. हाती छत्री. बूट खराब होते म्हनून आत नाई येत."

माझी बायको एकदम वळली. तिला गवती चहा आठवला असावा. मला जठारपेठेतली कुंडी आठवली, लग्नातलं लॉन आठवलं, हिरवळीतली भोकं आठवली. खाऱ्या मातीची चव त्यांना खरोखर कळत होती, कारण ते पाणी पिऊन ते वाढले होते. पण तण कोणतं आणि पीक कोणतं, हे वाकल्याशिवाय कळत नाही.

"अन् ते मुयासगट?" मी विचारलं.

"तेही तिचंच. दिवसभर ओरडे बायाईवर, मुयासगट काढा व, मुयासगट." बेबीबाईंनी पदर सारखा केला. "ती गेली, तिनं ठेवलेलं बी रायलं, अन् भाऊजीले हे सुरू झालं."

भाषणं संपली. बेबीबाई पट्ट्याशी गेल्या, उकिडव्या बसल्या, आणि मिनिटभरात हिरव्या गर्दीत बोट फिरवून एकेका रोपाजवळ काडी खोचली. "हे अंबाडी. हे. हे एक. बाकी तरोटा आहे सारा." मोजल्या तर अकरा काड्या झाल्या. "आता हलवू नका, मूय धरू द्या. पंधरा दिवसांनं तरोटा काढून टाका, भाऊजी." एवढं सांगून त्या संध्याकाळच्या बसने गेल्या.

सोळाव्या दिवशी मी मुद्दाम लवकर बागेत गेलो. शालिकभाऊ पट्ट्यापुढे बसले होते. खुरपं फडक्यातून निघालेलं होतं. काड्या जागच्या जागी होत्या. तरोटा अंबाडीला खेटून वर आला होता. ते एका बुडख्याशी हात नेत आणि मागे घेत.

"काढा की," मी म्हणालो. "आता तर कळतं कोणतं कोणतं."

"कयते." ते थांबले. "पन खाली कोनाचं मूय कुठं गेलं काय माईत. तरोटा मुयासगट काढला, अन् संगं हे आलं तं?"

मी बसलो.  

"मी म्हनो तिले," शालिकभाऊ काड्यांकडे पाहत म्हणाले, "या रविवारी सुट्टी आहे, येतो तुह्या संगं निंदाले. दर साली म्हनो. ती म्हने, नका येऊ बाप्पा. तुमी पीकच उपटसान."

ते हसले. मीही हसलो. मग त्यांनी खुरपं फडक्यात गुंडाळलं, नीट गाठ मारली आणि डिक्कीत ठेवलं. जाताजाता फाटकाशी उमाळे साहेबांच्या गुलाबाच्या आळ्यात त्यांना काहीतरी दिसलं, ते त्यांनी मुयासगट काढलं.

या वर्षी आमच्या बागेने शहरातल्या उद्यान स्पर्धेत भाग घेतला आणि उत्तेजनार्थ बक्षीस मिळवलं. परीक्षकांचा शेरा साहेबांनी चौकटीत बसवून ले-आउटच्या कार्यालयात लावला आहे: 'उद्यानाची निगा उत्तम. भिंतीलगतच्या एका पट्ट्यात मात्र तण कंबरेइतके वाढलेले असून तिकडे कोणाचेही लक्ष नसावे असे दिसते.'